दहा एकरांचा डबा

प्रस्तावना

मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याचा पेशंट नागपूरच्या अतिदक्षता विभागात आला की त्याच्यामागे चार माणसं, एक पिशवी आणि एक प्रश्न येतो. पिशवीत सौसरच्या, कधी छिंदवाड्याच्या दवाखान्याचे कागद असतात, घरून आणलेली चादर असते, हंगाम असेल तर दोन-चार संत्रीही असतात. प्रश्न पहिल्या दिवशी साधा असतो, 'वाचतीन ना?' तिसऱ्या दिवशी उशाशी मशीन लागलं, लाल नळ्या दिसल्या, की तो बदलतो. 'साहेब, रगत धुनं सुरू केलं म्हन्ते. धुतल्यावर बाबा उठतीन ना?'

या प्रश्नाचं खरं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही. दिलं तर ते 'प्रयत्न चालू आहेत' एवढंच होतं, आणि हे वाक्य आम्ही डॉक्टर लोकांनी इतकं वापरलं आहे की त्याचा कापूस झाला आहे. हे पुस्तक त्या अर्धवट उत्तराची परतफेड म्हणून जमवलेलं आहे. विषय नावाने अवघड वाटतो: अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तातली सायटोकाइन नावाची द्रव्यं डब्यात चिकटवून काढून टाकणं. पण त्याच्या मुळाशी असलेला विचार कुणालाही कळेल असाच आहे, आणि त्यातली गफलतही.

गफलत शब्दापासूनच सुरू होते. 'रक्त धुणं' हा शब्द लोकांनी डायलिसिसवरून उचलला. मूत्रपिंड बंद पडलं, घाण साचली, मशीनने ती काढली. इथवर तो चपखल बसतो. पण आपल्याकडे रक्त 'नासतं' आणि ते शुद्ध केलं की माणूस बरा होतो, ही समजूत डायलिसिसहून फार जुनी आहे. पाडव्याला कडुनिंबाचा पाला कशासाठी, तर रक्तशुद्धीसाठी. पुटकुळ्या उठल्या, रक्त बिघडलं. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. बारा जाती सांगितल्या आहेत, सहा विषारी आणि सहा निर्विष. गंमत अशी की आधुनिक रक्तशुद्धीची सुरुवातही जळवेच्या मदतीनेच झाली. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे एबल, राउनट्री आणि टर्नर या तिघांनी कुत्र्याचं रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरवून परत आत सोडलं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून त्यांनी वापरलं ते हिरुडिन, म्हणजे जळवांच्या डोक्यांतून काढलेला अर्क.

तर, समजूत जुनी आणि ओढ खरी. म्हणूनच नातेवाइकाला हा उपचार समजावून सांगावा लागत नाही, तो आधीच पटलेला असतो. मला याचीच भीती वाटते.

या पुस्तकातला मुख्य आजार सेप्सिस. जंतुसंसर्ग फुप्फुसात असेल, लघवीच्या मार्गात असेल, पायाच्या जखमेत असेल. तो तिथेच न थांबता सगळं शरीर ढवळून काढतो, रक्तदाब खाली येतो, लघवी थांबते, श्वास लागतो. बराच काळ वैद्यांना वाटायचं की जंतू रक्तात शिरून सगळं नासवतात. १९७२ मध्ये लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टर-लेखकाने उलट मुद्दा मांडला: जंतूंपेक्षा त्यांना पाहून आपलं शरीर जे करतं तेच जास्त घातक असतं. २०१६ मध्ये ठरलेली सेप्सिसची व्याख्याही तेच सांगते. संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होणं म्हणजे सेप्सिस.

पांढुर्ण्याच्या माणसाला हे समजावताना मी गोटमारीचा दाखला देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव असे दगड चालतात. डोकं फुटतं ते झेंड्यापर्यंत गेलेल्याचंच नसतं, काठावर बघत उभ्या असलेल्याचंही असतं. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना दिलेल्या हाका. 'शत्रू आला, धावा.' हाक हवीच. नसती तर साध्या काट्याने माणूस मेला असता. पण हाकेवर हाक चढत गेली की दगड कुणालाही लागतो. या अवस्थेला 'सायटोकाइन वादळ' हे नाव १९९३ मध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं ते प्रत्यारोपणानंतरच्या एका गुंतागुंतीसाठी. कोविडच्या दिवसांत ते चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागलं.

आजाराचा पसारा केवढा, तर २०१७ या एका वर्षात जगात अंदाजे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. जगातल्या दर पाच मृत्यूंत एक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठराव केला.

हाका बंद करायचा पहिला प्रयत्न औषधांनी झाला. १९९०च्या दशकात एकेका सायटोकाइनला, विशेषतः टीएनएफला, पकडणारी प्रतिद्रव्यं सेप्सिसच्या रुग्णांत वापरून पाहिली. उंदरांत चालली, माणसांत फसली. २००१ मध्ये गाजावाजा करून आलेलं एक प्रथिन-औषध २०११ मध्ये बाजारातून परत गेलं. तेव्हा दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे मशीन आणि पडदे यांत हात बुडवलेले लोक, म्हणाले की एकाच हाकेचा गळा धरून काय होणार; सगळा गोंगाटच कमी करू. रक्त बाहेर काढू, जे जास्त आहे ते उचलू, उरलेलं परत देऊ.

हे करण्याच्या तीन रीती आहेत: विसळणं, गाळणं आणि चिकटवून घेणं. विसळणं म्हणजे डायलिसिस. चहाची पुडी गरम पाण्यात सोडली की रंग आपोआप बाहेर येतो, तसं पातळ पडद्यापलीकडे रक्तातली लहान द्रव्यं जातात. नेदरलँड्समधल्या कॅम्पेन गावी युद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, विलेम कोल्फने सॉसेजच्या आवरणाचा सेलोफेन लाकडी ढोलावर गुंडाळून असं यंत्र केलं. सुरुवातीचे त्याचे जवळजवळ सगळे रुग्ण गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. मला या गोष्टीतला सेलोफेनपेक्षा तो दोन वर्षांचा धीर मोठा वाटतो. पण विसळण्यात लहान द्रव्यंच निघतात. युरियाचा रेणू ६० डाल्टन वजनाचा, क्रिएटिनिन ११३चं. इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन वीस हजारांच्या वरचं आणि टीएनएफचा जुडगा पन्नास हजारांच्या आसपास. गव्हाच्या चाळणीतून भोपळा काढायचा म्हटलं तर जमेल कसं?

गाळण्यात दाब लावून रक्तातलं पाणीच ओढतात आणि त्यासोबत मोठी द्रव्यंही येतात. १९७७ मध्ये जर्मनीत क्रामरने ही सतत चालणारी रीत सुरू केली आणि आज अतिदक्षता विभागात चोवीस तास चालणारं जे मशीन दिसतं ते तिचंच वंशज. मग प्रश्न आला, जास्त गाळलं तर जास्त वाचतील का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत किलोमागे ताशी ३५ ऐवजी ७० मिलिलिटर गाळून पाहिलं. मृत्यू घटले नाहीत. नको असलेल्या द्रव्यांबरोबर हवी असलेलीही निघून जातात, हे तेव्हा परत एकदा कळलं.

तिसरी रीत चिकटवून घेण्याची. शाळेच्या पुस्तकात एकावर एक माठ ठेवून त्यात वाळू, खडी नि कोळसा भरलेला असायचा. त्यातला कोळसा करतो ते हेच. ग्रीसमध्ये याट्झिडिसने १९६४ मध्ये रक्तच थेट कोळशावरून सोडलं. विष उतरलं, पण प्लेटलेट्सही उतरल्या आणि कोळशाची भुकटी रक्तात गेली. माँट्रियलच्या थॉमस चँग यांनी कोळशाच्या कणांना पातळ लेप देऊन तो दोष बराच घालवला. आजचे डबे त्या लेप दिलेल्या कोळशाचे नातू आहेत.

असा एक डबा हातात घेऊन पाहू. सगळ्यांत प्रसिद्ध सायटोसॉर्ब. युरोपात २०११ मध्ये त्याला विक्रीची मान्यता मिळाली, भारतात २०१३ पासून बंगळुरूच्या बायोकॉनने तो आणला. आकार पाण्याच्या लहान बाटलीएवढा, मावतं ३०० मिलिलिटर. आत पांढरे मणी, राजगिऱ्याहून बारीक, पॉलिस्टायरिनच्या जातीच्या प्लास्टिकचे, वर रक्ताला सोसेल असा लेप. प्रत्येक मणी आतून पोखरलेला. सगळ्या मण्यांचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग पसरला तर तो ४० हजार चौरस मीटरच्या वर जातो असं बनवणारे सांगतात. मी एकदा एका संत्राबागायतदाराला हिशेब करून दाखवला: सुमारे दहा एकर. तो डबा उलटसुलट फिरवत म्हणाला, 'याला खरेदीखत कितीचं?' मी किंमत सांगितली. तो गप्प झाला. खेड्यातल्या मजुराची कित्येक महिन्यांची मजुरी एका डब्यात जाते आणि डबा साधारण एका दिवसात बदलावा लागतो.

लावताना आधी डब्यातली हवा सलाइनने घालवायची, ठोकून ठोकून, एक बुडबुडा राहता कामा नये. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेत जाडसर, दोन नळ्यांची कॅथेटर. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन किंवा सायट्रेट. मिनिटाला दीडशे-दोनशे मिलिलिटर रक्त फिरू लागलं की पांढरे मणी खालून वर लाल होत जातात. एका कोपऱ्यात मशीनचा भोंगा, नर्सचं लक्ष दाबाच्या आकड्याकडे, टेक्निशियनचा हात नळीच्या पिळाकडे. रुग्णाच्या, रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनच्या पंपाचा वेग पुढच्या काही तासांत थोडा उतरतो, कधी चांगलाच उतरतो. तो उतरताना पाहिलेला डॉक्टर या डब्याचा भक्त होतो. मीही झालो होतो.

या क्षेत्रात पंथ आहेत आणि नवख्याने ते ओळखून ठेवावेत, नाहीतर दोन लेख वाचून डोकं भणभणतं. पहिला जपानी पंथ. तो म्हणतो, हाकांच्या मागे न लागता हाक उठवणारा दगडच उचला. तो दगड म्हणजे काही जंतूंच्या भिंतीतलं विष, एंडोटॉक्सिन. पॉलिमिक्सिन-बी हे जुनं प्रतिजैविक त्याला घट्ट धरतं. ते धाग्यांना बांधून केलेला तोरे कंपनीचा डबा जपानात १९९४ पासून वापरात आहे. दुसरा इटलीतल्या विचेंझाच्या क्लॉडिओ रोंको यांचा. त्यांचं म्हणणं, सगळं काढायची गरज नाही, शेंडे छाटले तरी पुरे. चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंच्या हाकांचे सर्वांत उंच शेंडे कमी केले की शरीर स्वतः ताळ्यावर येतं. त्याच्याच आसपास बेल्जियमच्या ओनोरे यांचा विचार: रक्तातली पातळी उतरली की पेशींच्या मधल्या पाण्यातून द्रव्यं रक्तात येतात, खरी सफाई तिथली. तिसरं मत असं की सफाईपेक्षा दिशा महत्त्वाची. रक्तात हाक कमी आणि जखमेजवळ जास्त राहिली तर लढवय्या पेशी योग्य जागी जातात. चौथा पंथ पडद्यालाच चिकट करणाऱ्यांचा, ऑक्सिरिस हा त्यांचा पडदा गाळतोही आणि एंडोटॉक्सिन, सायटोकाइन दोन्ही धरतोही. चीनमधून आलेले जाफ्रॉनचे डबे, जंतूंनाच पकडू पाहणारा सेराफ, हे सगळे याच जत्रेतले. मला विचाराल तर कल्पना म्हणून रोंकोंची सगळ्यांत देखणी आहे. देखणेपणाने पेशंट वाचत नाही, एवढंच.

आता पुराव्याकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं पुस्तक या खुंटीला टांगलेलं आहे.

जपानी डब्याची गाजलेली युरोपीय चाचणी २००९ची, इटलीत, ६४ रुग्णांची. २८ दिवसांतले मृत्यू ५३ टक्क्यांवरून ३२वर आले. आनंद झाला. मग २०१५ मध्ये फ्रान्समध्ये पोटातल्या संसर्गाच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, फायदा दिसला नाही. २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेत ४५० रुग्ण. डबा लावलेल्यांत ३७.७ टक्के दगावले, न लावलेल्यांत ३४.५. वेगळा काढलेला प्लाझ्मा चिकट मण्यांवरून फिरवायच्या रीतीची एक इटालियन चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण सुरुवातीच्या दिवसांतले मृत्यू उपचाराच्या गटात जास्त होते.

सायटोसॉर्बची जर्मन चाचणी २०१७ मध्ये आली. रुग्ण शंभराच्या आत, रोज सहा तास डबा. तिच्यातला एक आकडा मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो: डब्यातून एकदा जाताना इंटरल्यूकिन-६ पैकी ५ ते १८ टक्के भाग चिकटत होता. म्हणजे डबा काम करत होता. आणि तरी रुग्णाच्या रक्तातली पातळी डबा न लावलेल्यांपेक्षा कमी झाली नाही. आमच्याकडच्या विहिरी पाहिलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. मोटर चालू आहे, पाणी दंडात पडतं आहे, पण झरे जिवंत आहेत. तळ काही दिसत नाही. झरे फुप्फुसात आहेत, पोटातल्या पुवात आहेत, सडलेल्या बोटात आहेत. पू काढला नाही, योग्य प्रतिजैविक गेलं नाही, तर दहा एकरांचा डबा काय करील?

जर्मनीतल्या फ्रायबुर्गची चाचणी मात्र मी रात्री वाचली आणि दुसऱ्या दिवशी राउंडला गप्प होतो. कोविडचे ३४ रुग्ण, सगळे इतके खालावलेले की शरीराबाहेरच्या कृत्रिम फुप्फुसावर, म्हणजे एक्मोवर. चिठ्ठ्या टाकून १७ जणांना पहिले ७२ तास सायटोसॉर्ब, १७ जणांना नाही. तीस दिवसांनी डबा लावलेल्यांपैकी ३ जिवंत, न लावलेल्यांपैकी १३. चाचणी लहान आहे, एवढ्यावरून अंतिम निकाल देता येत नाही, हे खरं. पण या १७ पैकी एक आपला असता तर? आणि लक्षात घ्या, २०२०च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने आणि मे महिन्यात आपल्या औषध महानियंत्रकांनी हाच डबा कोविडसाठी आणीबाणीचा म्हणून मंजूर केला होता. मंजुरी आधी, पुरावा नंतर. त्या काळात दुसरं काही सुचतही नव्हतं, हेही मी लिहून ठेवतो. २०२१च्या एप्रिलमध्ये नागपुरात खाट मिळवण्यासाठी लोक रात्र-रात्र गाडीत बसून असत.

२०२२ मध्ये हृदयाच्या झडपेच्या संसर्गासाठी शस्त्रक्रिया झालेल्या २८८ रुग्णांवरची जर्मन चाचणी आली, तीतही अवयव वाचल्याचं दिसलं नाही. आणि सेप्सिसच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पॉलिमिक्सिनच्या डब्याविरुद्ध सौम्य शब्दांत सल्ला देतात. बाकीच्या रक्तशुद्धीबद्दल हो म्हणायलाही पुरेसा पुरावा नाही, नाही म्हणायलाही नाही, असं सांगतात.

डबा नुकसान करीलच कसा, असं नातेवाईक विचारतात. डब्याला शहाणपण नाही. त्याच्या भोकांत मावेल ते तो धरतो: भांडण पेटवणारी द्रव्यं धरतो, तशी विझवणारीही धरतो. प्लेटलेट्स खाली येतात. काही औषधंही तो गिळतो; लिनेझोलिड, फ्लुकोनॅझोल, व्हॅन्कोमायसिन यांचा डोस डबा लावल्यावर तसाच ठेवला तर पेशंटला मिळतो त्याहून कमी. म्हणजे ज्या औषधाने झरा बुजायचा तेच आपण बाहेर फेकतो. आणि कॅथेटर ही स्वतः संसर्गाची वाट आहेच.

मग हा प्रकार टाकाऊ आहे का? नाही, आणि इथे मी डब्याच्या विरोधकांशीही भांडतो. काय काढायचं आहे हे नेमकं ठाऊक असलं की चाळणी कमालीची कामाची असते. रक्त पातळ ठेवणारं टिकाग्रेलॉर घेतलेल्या माणसाची बायपास तातडीने करावी लागली तर हाच सायटोसॉर्ब ते औषध उचलतो. २०२० मध्ये युरोपात त्यासाठी त्याला मान्यता मिळाली. आणखी जवळचं आणि जास्त दुखणारं उदाहरण छिंदवाड्याचं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परासिया परिसरातली लहान मुलं खोकल्याच्या सिरपने दगावली, वीसहून अधिक. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं, मुलांची मूत्रपिंडं बंद पडली, कित्येकांना नागपूरला आणून डायलिसिसवर ठेवलं होतं. या विषाचा रेणू १०६ डाल्टनचा, अगदी लहान. तो साध्या डायलिसिसनेच निघतो, त्याला महागडा डबा लागत नाही. लागतं ते लवकर कळणं. मूत्रपिंड जळून गेल्यावर विष काढून उपयोग थोडा. कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या विषबाधेचंही असंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले; त्या विषांत कोळशाचा डबा मृत्यू टाळतो असा ठाम पुरावा नाही. तिथे जीव वाचवणारी गोष्ट म्हणजे ॲट्रोपिन, व्हेंटिलेटर आणि मुळात तोंडावरचा मुखवटा.

आता रामाकोन्याचं. पोळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं, सोयाबीन पिवळं पडायला लागतं, तेव्हा तापाचे पेशंट येतात. गवतातल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या किडीची अळी चावते आणि स्क्रब टायफस होतो. २०१८च्या पावसाळ्याच्या शेवटी नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. काखेत, जांघेत, छातीखाली बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते. दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही, आणि लुगड्या-धोतराखाली कुणी पाहत नाही. त्यावर डॉक्सिसायक्लिन आहे, काही रुपयांची गोळी. नेहमीची महागडी इंजेक्शनं, सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी, या जंतूवर चालत नाहीत. आजार वाढलेला असेल तर शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र दिलेली चांगली, हे २०२३ मध्ये भारतातल्याच ७९४ रुग्णांच्या चाचणीने दाखवलं. ही चाचणी आपल्या देशात झाली, आपल्या पेशंटवर झाली, तिने उपचार बदलला. डब्यांच्या चाचण्यांत असं अजून एकदाही झालेलं नाही.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. कुठल्या रुग्णालयात, ते सांगत नाही. सौसरकडचा पन्नाशीचा माणूस, पाच दिवसांचा ताप, रक्तदाब नाही, लघवी नाही. आम्ही मशीन लावलं, डबा लावला, दुसरा डबा लावला. चौथ्या दिवशी सिस्टरने अंग पुसताना काखेतली खपली दाखवली. डॉक्सिसायक्लिन त्या दुपारी सुरू झालं. मुलाने मधल्या काळात बैलजोडी विकली होती. माणूस वाचला, म्हणून त्या घरात आजही डब्याचं नाव घेतात. मी दुरुस्त करायला गेलो, पण कुणी ऐकलं नाही. डबा दिसतो, गोळी दिसत नाही.

आज हा विषय मराठीत आणायची निकड यातूनच आली. पाच-सात वर्षांपूर्वी हे डबे मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत होते. आता ते नागपूरच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत आले आहेत आणि पुढे जाणार. संमतीचा कागद इंग्रजीत असतो, सही करणारा वऱ्हाडी बोलतो, हिंदी समजतो. पांढुर्णा आणि सौसर हे तालुके २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले, जिल्हा मध्य प्रदेशात, भाषा मराठी, मोठा दवाखाना महाराष्ट्रात. कागदपत्र, योजना आणि भाषा यांची गाठ कुठेच पडत नाही. दुसरीकडे विज्ञानही थांबलेलं नाही. सगळ्यांना एक डबा हा काळ सरत आला आहे. कुणाच्या रक्तात एंडोटॉक्सिन खरंच जास्त आहे, कुणाचं इंटरल्यूकिन-६ डोंगराएवढं आहे, कुणाला पहिल्या चोवीस तासांत लावता येईल, असे गट पाडून नव्या चाचण्या चालू आहेत. त्यातून एखाद्या गटाला फायदा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. आनंदच होईल.

हे पुस्तक डब्याची जाहिरात नाही आणि डब्यावरचा खटलाही नाही. लिहिणाऱ्यांत अतिदक्षतेतले डॉक्टर आहेत, डायलिसिसचे तंत्रज्ञ आहेत, सिस्टर आहेत, आणि दोन नातेवाईकही आहेत ज्यांचा माणूस घरी आला नाही. त्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. मी जुळवायला गेलो नाही. तज्ज्ञाला काही पानं बाळबोध वाटतील, सामान्य वाचकाला काही जड जातील. ज्याला आकड्यांचा कंटाळा त्याने नळ्या आणि मण्यांची चित्रं पाहावीत, ज्याला घाई आहे त्याने नातेवाइकांचे दोन लेख आधी वाचावेत. इंग्रजी संज्ञांना ओढून-ताणून मराठी प्रतिशब्द दिलेले नाहीत. वॉर्डात जे बोलतात तेच ठेवलं आहे. चूक आढळली तर कळवावी, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.

शेवटी चार कोरी पानं आहेत. त्यांवर ताप कधी आला, काळी खपली पाहिली का, पहिलं प्रतिजैविक कोणतं आणि किती वाजता दिलं, शेवटची लघवी केव्हा झाली, एवढ्याच ओळी छापल्या आहेत. सेप्टिक शॉकमध्ये योग्य प्रतिजैविकाला होणाऱ्या दर तासाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता सुमारे साडेसात टक्क्यांनी घटते, असं २००६च्या एका अभ्यासात दिसलं होतं. नागपूरला गाडी निघण्याआधी ती पानं भरा, फाडून पिशवीत वरच ठेवा. पुस्तक घरी राहिलं तरी चालेल.